अंतरा माझा नव्हता

"प्रेरणा कुठून मिळते?" हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की एक ठरलेलं उत्तर जिभेवर तयारच असतं. पहाटेचा गोदाघाट, पाण्यावर हलणारे दिवे, देवळातली पहिली घंटा वगैरे. मुलाखत घेणारे खूश होतात. वर्तमानपत्रात चौकट येते, तिच्यात डोळे मिटलेला माझा फोटो. खरं सांगायचं तर पहाटे घाटावर मी आयुष्यात दोनदाच गेलो आहे आणि दोन्ही वेळा हातात अस्थी होत्या. एकदा वडिलांच्या, एकदा थोरल्या भावाच्या. मला तेव्हा काहीही सुचलेलं नाही. थंडी वाजत होती आणि गाडी लावायला जागा मिळत नव्हती.

मी बंदिशी बांधतो. ज्यांचा गाण्याशी संबंध नाही त्यांना एवढंच सांगतो की बंदिशीचे दोन भाग असतात. पहिली अस्थाई. ती खालच्या आणि मधल्या सुरांत फिरते, आल्या माणसाला घर दाखवावं तशी. दुसरा अंतरा. तिथे गाणं जिना चढतं आणि वरच्या षड्जाला, म्हणजे वरच्या सा ला, जाऊन भिडतं. आणि आमच्यात रीत अशी की रचना करणाऱ्याने आपलं टोपणनाव शब्दांतच गुंफायचं. ते बहुधा अंतऱ्यात येतं. चित्रकार कोपऱ्यात सही करतो तसं. माझंही असं एक नाव आहे. नाशकात ते बऱ्यापैकी माहीत आहे, पुण्या-मुंबईकडेही थोड्यांना. इथे ते लिहीत नाही.

तर, माझ्या बंदिशींच्या अस्थाया माझ्या आहेत. अंतरे माझे नाहीत. ते माझ्या वहिनींचे आहेत, थोरल्या भावाच्या बायकोचे. म्हणजे माझी सही नेमकी त्या भागात आहे जो मी केलेला नाही. एवढं साधं वाक्य लिहायला मला छप्पन्न वर्षांचं व्हावं लागलं, आणि लिहून हलकं वगैरे काही वाटलेलं नाही. चीड आली आहे. आधी स्वतःची, मग बाकीच्यांची. इतकी वर्षं इतके जाणकार ऐकत होते, एकाच्याही लक्षात कसं आलं नाही की एका बंदिशीत दोन माणसं बोलताहेत?

वहिनी पिंपळगाव बसवंतच्या. त्यांचे वडील कांद्याच्या खळ्यावर मुकादम होते आणि भजनी मंडळात पेटी वाजवायचे. मुलीचा गळा पाहून त्यांनी तिला गावातल्या एका मास्तरांकडे आठ वर्षं ख्याल शिकायला पाठवलं. पाहायचा कार्यक्रम झाला तेव्हा आमच्या वडिलांनी विचारलं, "गाणं येतं म्हणे?"

"येतं."

"बरं झालं. पोरं लवकर झोपतील."

सगळे हसले. मीही हसलो. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, गुरूंकडे शिकत होतो. म्हणजे त्या खोलीत गाण्यातलं कळणारा मी एकटाच होतो. निदान मी तरी हसायला नको होतं.

लग्नानंतर वहिनी नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात लागल्या. ट्रकबरोबर मालाची जी पावती जाते, बिल्टी, ती लिहायचं काम. दिवसभर बाहेर हॉर्न, आत कार्बन पेपर. मी शाळेत संगीताचा शिक्षक. शनिवार-रविवार दुपारी घरी क्लास घ्यायचो. आम्ही सगळे इंदिरानगरच्या एका तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या भिंतीत एक सरकती खिडकी होती, जेवणाची भांडी अलीकडे द्यायला. वडील रिटायर झाले होते. जेवण झालं की आतल्या खोलीत झोपायचे, आणि उठले की टीव्हीवरच्या बातम्या एवढ्या मोठ्याने लावायचे की वरच्या मजल्यावरची माणसं आमच्या टीव्हीवर बातम्या ऐकत.

पहिल्या अंतऱ्याची गोष्ट अशी. मी एक अस्थाई बांधली होती आणि आठवडाभर तीच घोळवत होतो. पुढे काही सुचेना. वहिनी गवार मोडत बसल्या होत्या.

"भाऊजी, किती दिवस तेच दळण? पुढं न्या की आता."

"सुचत नाही."

"सुचायचं काय त्यात? तुम्ही दारापर्यंत येऊन उभे आहात. बेल वाजवा."

आणि गवार मोडता मोडता त्यांनी अंतरा म्हणून दाखवला. उद्या-परवा नाही, तिथेच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी पर्समधून एक गुलाबी कागद काढून माझ्यासमोर ठेवला. वाया गेलेल्या बिल्टीची पाठकोरी प्रत. तिच्यावर शब्द आणि सूर नीट मांडलेले. "आवडलं तर ठेवा, नाहीतर त्यात भाजीची डेखं टाका."

त्या कागदावर एका ओळीत चार मात्रांची जागा सोडून तिथे नुसती रेघ ओढली होती. मी विचारलं, हे काय?

"नाव. तुमचं नाव घालायला ठेवलीय जागा."

मी नाव घातलं. जरा बघा, माणूस किती सहज चोर होतो. कुणी कुलूप तोडत नाही, कुणी अंधारात येत नाही. समोरचं माणूस आपल्या हाताने जागा करून देतं आणि आपण तिथे बसतो. मी एकदाही म्हणालो नाही की वहिनी, या चार मात्रांत तुमचं नाव बसतंय का बघा. बसलं असतं. पुढे पुढे मी हे मोजून पाहिलं आहे. चोख बसतं.

मग ते रोजचंच झालं. मी अस्थाई करायचो, आठ-दहा दिवसांत गुलाबी कागद यायचा. रेघ तशीच. मी नाव भरायचो, वहीत उतरवायचो, गुरूंना दाखवायचो. गुरू म्हणाले, "अंतरा तुझ्या अस्थाईपेक्षा वरचढ होतो, सांभाळ." मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

पहिल्या सात-आठ बंदिशींचे अंतरे वर जायचे. नुसते जायचे नाहीत, वरच्या सा ला टाळी द्यायचे. हे लक्षात ठेवा.

एका शनिवारी दुपारी माझा क्लास होता. वडील आत झोपलेले. भाऊ कंपनीत. मुलं-मुली अजून येत होती, तीन-चार जणं हॉलमध्ये तंबोरा लावत बसली होती, आणि आतून वहिनींचा आवाज आला. त्या भांडी लावत होत्या आणि नवा अंतरा गात होत्या. गुणगुणत नव्हत्या, गात होत्या. पूर्ण आवाजात, मोकळ्या गळ्याने, वरच्या सा वर थांबून, तिथून पुढच्या गंधाराला हात लावून. तसा आवाज मी आमच्या घरात त्याआधी ऐकला नव्हता. क्लासमधली एक मुलगी तंबोरा थांबवून म्हणाली, "सर, कोण गातंय?"

मी उठलो आणि ती सरकती खिडकी लावली. लावताना आत बघून म्हणालो, "वहिनी, बाहेर मुलं बसलीत."

एवढंच. आवाज चढवला नाही, टोचून बोललो नाही. आत आवाज थांबला. मग मिक्सर सुरू झाला. मुलीला मी सांगितलं, "वहिनी आहेत. घरातलं काम चाललंय."

घरातलं काम! ज्या अंतऱ्याला मी पुढे माझा म्हणून चार शहरांत मिरवलं, तो तयार होत असताना मी त्याला घरातलं काम म्हणालो.

नंतर त्या खिडकीसमोर फ्रिज आला. ती पुन्हा उघडली नाही. आणि त्या दिवसानंतर आलेले सगळे अंतरे खाली राहिले. पंचमाशी घुटमळायचे, धैवताला जायचे, परत यायचे, शेवटच्या आवर्तनात वरच्या सा ला कसंबसं बोट लावून लगेच खाली. मला वाटलं, वहिनींची नवी तऱ्हा आहे. छान वाटली. समीक्षकांना तर फारच. माझ्या रचनांचा आता प्रगल्भ काळ सुरू झाला म्हणे. 'अंतऱ्याला शिखराची घाई नाही' असं एकाने लिहिलं. आणि मी, ज्याला त्याच्या बापाच्या जन्मात असं सुचलं नसतं, त्या वाक्यावर व्याख्यानं देऊ लागलो. संयम. अपेक्षा. श्रोत्याला वाट पाहायला लावणं. माझ्याकडे त्याची स्लाइडसुद्धा आहे.

त्यांतली जी बंदिश सगळ्यांत जास्त गायली जाते, तिच्याबद्दल मी गोदाघाटची पहाट सांगत आलो. तिचा अंतरा द्वारकेच्या आयशर टेम्पोतून आला आहे. मागे घेताना टेम्पो जी टुणटुण वाजवतो, तिचे चार सूर वहिनींनी उचलले होते. मला तेव्हाच सांगितलं होतं हसत हसत, "आमच्या ऑफिससमोरचा टेम्पो आहे हा भाऊजी, रिव्हर्स घेतोय." मी टेम्पो काढला आणि नदी घातली. टेम्पोची मला लाज वाटली. बिल्ट्या लिहिणाऱ्या बाईची त्याहून जास्त वाटली असणार.

मी लग्न केलं नाही. भाऊ गेल्यावर घरात वहिनी आणि मी दोघंच राहिलो. वहिनींची मुलगी लग्न होऊन बंगलोरला गेलेली. आता हे सांगायला हवं, कारण माझं सगळ्यांत आवडतं निमित्त इथेच होतं. मनात कधी बोच लागलीच तर मी स्वतःला म्हणायचो, दीर-भावजयीचं नाव एका बंदिशीखाली आलं तर लोक काय म्हणतील? त्यांच्याच अब्रूसाठी गप्प बसलोय मी! किती सोयीची अब्रू. मला हार आणि त्यांना अब्रू.

गेल्या वर्षी इथल्या एका संस्थेने माझ्या निवडक बंदिशींचं पुस्तक काढायचं ठरवलं. त्याआधी एक सप्रयोग व्याख्यान ठेवलं. वहिनी रिटायर झालेल्या, मीच म्हणालो, चला. त्या माझ्या कार्यक्रमाला पहिल्यांदाच आल्या. तिसऱ्या रांगेत बसल्या. माझ्या शिष्येने ती टेम्पोची बंदिश गायली आणि श्रोत्यांतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "अंतरा वर जायला इतका उशीर का लावतो?"

मी वीस मिनिटं बोललो. वरचा षड्ज हे वचन आहे, ते लगेच पाळायचं नसतं, असं काहीतरी. लोक लिहून घेत होते. तिसऱ्या रांगेत वहिनी हसल्या. मोठ्याने नाही, पदर तोंडाला लावून. पण मला दिसलं.

रिक्षात मी विचारलं, "का हसलात?"

"काही नाही हो. केवढं बोललात! मामंजी झोपलेले असायचे दुपारचे, म्हणून मी हळू म्हणायचे. एवढंच होतं त्यात."

मलाही हसू आलं. आणि बरं वाटलं, हेही कबूल करतो. वडिलांची झोप. कुणाचाच दोष नाही. आपल्याकडच्या घरांतली नेहमीची गोष्ट. मुंबई नाक्यापर्यंत मी अगदी निवांत होतो.

पण ते तसं पचलं नाही. आठ-दहा दिवसांनी पुस्तकाची प्रुफं आली. प्रत्येक पानावर अंतऱ्याच्या ओळीत माझं टोपणनाव ठळक अक्षरांत छापलेलं. संस्थेच्या कार्यवाहांना हौस, वाचकाला सही लगेच दिसावी म्हणून. मी प्रुफं घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि सांगून टाकलं. अंतरे वहिनींचे आहेत. नाव बदला, दोघांचं छापा.

त्यांनी दार लोटून घेतलं. "सर, बसा. पाणी घ्या. हे तुम्ही कुणाला बोललात का?"

"नाही."

"मग बोलू नका. ऋणनिर्देशात टाकू ना आपण. 'घरच्या मंडळींची मोलाची साथ.' फोटो टाकू हवं तर वहिनींचा."

"साथ नाही ती. अर्धी बंदिश आहे."

"सर, लोक वेगळा अर्थ काढतात. तुम्ही दोघंच राहता. उगाच त्या माउलीला या वयात..."

माझंच निमित्त होतं ते. शब्दसुद्धा माझेच. वीस-पंचवीस वर्षं मी जे मनातल्या मनात म्हणत होतो, ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. मी ओरडलो. मी कधी ओरडत नाही. बाहेरच्या टेबलावरची मुलगी उठून उभी राहिली. "लोकांच्या अर्थाचं मी लोणचं घालू? नाव छापा नाहीतर पुस्तक राहू द्या!" असं म्हणून निघालो आणि स्कूटरची किल्ली तिथेच विसरलो, ती आणायला मान खाली घालून परत जावं लागलं. कार्यवाहांनी ती माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "शांतपणे विचार करा."

घरी आलो तो मोठा पराक्रम केल्यासारखा. वहिनी हॉलमध्ये वर्तमानपत्र वाचत होत्या. मी प्रुफं त्यांच्यापुढे ठेवली, सगळं सांगितलं, आणि म्हणालो, "तुमचं नाव आलंच पाहिजे. मी ठरवलंय."

त्यांनी चष्मा काढला. "कुणी ठरवलंय?"

"मी."

"हां. मागं जागा मी ठेवली, नाव तुम्ही घातलंत. आता माझं घालायचं तेही तुम्हीच ठरवलंत. मला विचारलं का कुणी?"

त्यांनी प्रुफं उलटायला सुरुवात केली. पहिली पानं सावकाश, मग भरभर. एका पानावर थांबल्या. टेम्पोची बंदिश.

"हे असे नव्हते भाऊजी."

"काय?"

"अंतरे. असे नव्हते माझे. मला ते असे ऐकू यायचे नाहीत. मला वर ऐकू यायचे. मी खाली उतरवून द्यायचे तुम्हाला."

"वडील झोपलेले असायचे म्हणून..."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांची पिंपळगावची बोली वर आली. ती फक्त राग आला की येते. "लय झालं आता. मामंजींना कानाशी ढोल वाजवला तरी ऐकू येत नव्हतं. त्या टीव्हीपायी वरचे लोक भांडायला यायचे, विसरलात? रिक्षात मी तुमची लाज राखली. खिडकी तुम्ही लावली होती."

मला ते आठवत होतं. विसरलो होतो असं लिहिलं तर ती आणखी एक चोरी होईल. मला खिडकी लावल्याचा आवाजसुद्धा आठवत होता, पत्र्याच्या खोबणीत घासल्याचा. फक्त ती खिडकी आणि त्यानंतरचे अंतरे यांच्यामध्ये मी कधी बोट ठेवलं नव्हतं. माझा प्रगल्भ काळ माझ्याच हाताने सुरू झाला होता, आणि मी त्याच्यावर स्लाइड बनवली.

"माफ करा" म्हणालो. कोरडं वाटलं. त्यांनाही वाटलं असावं, कारण त्यांनी तिकडे लक्षच दिलं नाही.

"नाव नको मला या अंतऱ्यांवर," त्या म्हणाल्या. "दबून म्हटलेल्या गोष्टीखाली मी सही करणार नाही. काढून टाका ते."

"म्हणजे?"

"माझे अंतरे काढून टाका पुस्तकातून. पहिले वर जाणारेसुद्धा, ते माझ्याकडेच राहू देत. अस्थाया तुमच्या आहेत, त्या छापा."

"अर्ध्या बंदिशींचं पुस्तक?"

"तुमचं जेवढं आहे तेवढं छापा ना. कोण नको म्हणतंय?"

दुसऱ्या दिवशी मी लाल पेन घेऊन बसलो आणि एकेक अंतरा कापला. माझं नाव आपोआप गेलं. शेवटी अशी पानं उरली की ज्यांवर दोन-तीन ओळी आणि खाली सगळं पांढरं. ती कार्यवाहांकडे पाठवली. त्यांचा फोन आला. आधी चेष्टा समजले, मग भडकले. हॉल ठरलेला, पाहुणे ठरलेले, पत्रिका छापायला गेलेल्या. "अर्धवट बंदिशी कोण विकत घेईल?" मी म्हणालो, "मग नका काढू. पण मी पूर्ण म्हणून ज्या खपवल्या त्या घेतल्याच ना सगळ्यांनी?" त्यांनी फोन ठेवला. पुस्तक निघालं नाही. माझ्या शिष्येला मी बोलावून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सर, खिडकी लावली तेव्हा मी तिथेच होते. कोण गातंय, असं मीच विचारलं होतं." आणि त्यानंतर ती दोन महिने क्लासला आली नाही. तिला मी दोष देत नाही.

मी आता माझ्या जुन्या अस्थायांना अंतरे करायचा प्रयत्न करतो आहे. होत नाहीत असं नाही. होतात, पण चार लोकांचे असतात तसे होतात. पंचमावरून सरळ उडी मारून वरच्या सा वर, धापा टाकत. बरोबर असतात, कुणी चूक काढू शकणार नाही. वहिनी बाजूने जाता जाता ऐकतात आणि काही बोलत नाहीत. हे सर्वांत जास्त लागतं.

आणि त्यांनी स्वतःचे अंतरे पुन्हा काढले आहेत. फ्रिज मी बाजूला ओढला, खिडकीची खोबणी गंजली होती, ती सुताराकडून उघडून घेतली. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या की फ्रिज तिथेच बरा होता, आता येता-जाता पायात येतो. दुपारी जेवणं झाली की त्या गातात. आवाज एकसष्ट वर्षांचा आहे, वरच्या सा वर फाटतो. पुन्हा घेतात. पुन्हा फाटतो. शिवी घातल्यासारखं "हात मेल्या" म्हणतात सुराला आणि पुन्हा घेतात. माझ्या अस्थाया त्यांनी घेतलेल्या नाहीत. नव्या, स्वतःच्या केल्या. मी हॉलमध्ये बसून ऐकतो, आणि आवाज कमी करा असं म्हणणारं आता घरात कोणी नाही, हेही त्यांना आता कळलं, इतक्या वर्षांनी, याची मला रोज नव्याने चीड येते.

परवा टेबलावर कागद होता. बिल्टी नाही, साधा वहीचा. अंतरा पूर्ण लिहिलेला, एका ओळीत चार मात्रांवर रेघ. मी विचारलं, "इथे काय नाव घालणार?"

"ठरलं की घालीन."

"काही सुचवू का?"

त्यांनी कागद उचलून त्याची घडी घातली आणि ती कमरेला खोचली. "तुम्ही तुमच्या अस्थाईचं बघा."

त्यांचं नाव मी इथे लिहिलेलं नाही, ते यासाठी. आणि माझं लिहिलेलं नाही, कारण कोऱ्या रेघेवर ते आपोआप जाऊन बसतं, ही त्याची सवय मला माहीत आहे.